खोलीचा आवाज

फ्लीटवुडमध्ये नोव्हेंबरात चारलाच अंधारतं.
तरी वेळापत्रकात साडेचारला ‘खिडकीतून ऊन’
असं मीच लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात.

सहा दिवस, नऊ माणसं,
मोडलेली एक एफडी,
आणि मॉरीन थ्रेलफॉलबाईंचं हिवाळ्यापुरतं बंद असलेलं
फिश अँड चिप्सचं दुकान.
भाडं नाही. अट एकच:
फ्रायरला हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी मी ओरडले,
बूम धरणाऱ्या पोरावर, कीरनवर.
माइक चौकटीत बोटभर उतरला होता
आणि टेक चांगला चालला होता,
म्हणजे तेव्हा मला तसं वाटलं होतं.
शेवटचं वाक्य मी मराठीत बोलले.
कुणाला कळलं नाही.
सगळ्यांना कळलं.

त्यानंतर सगळे फार नीट वागायला लागले.
विचारलं की हो.
क्लिफर्डसुद्धा, जो तीस वर्षं ट्राम चालवून
आता माझ्या सिनेमात बाप झाला होता,
आणि पहिल्याच दिवशी म्हणाला होता,
“बाप असं दार नाही लावत, बाई.”
आता मी सांगेन तसं लावत होता.
अकरा टेक.
अकरा वेळा माझंच दार.

रात्री बी अँड बीच्या गादीवर हिशेब केला.
दिवे भाड्याचे. व्हॅन उसनी.
लेन्स ओयेलारनच्या मित्राची, त्याला न विचारता आणलेली.
माणसं तर उसनीही नव्हती,
आपणहून आली होती.

माझे वडील सांगलीत लग्नाची जेवणं करायचे.
शेवटची पंगत उठेपर्यंत त्यांच्या तोंडात दाणा नसायचा.
म्हणायचे, आचारी चिडला तर आमटी बिघडते,
आणि यजमान चिडला तर आचारी.
तेव्हा मला ते नुसतं आमटीबद्दल वाटायचं.

तिसऱ्या दिवशी पहाटे चहा मी केला.
कीरनला साखर चार चमचे लागते,
हे बेथनला विचारून घेतलं.
मग सगळ्यांसमोर, कारण ओरडले तेही सगळ्यांसमोरच:
“चूक माझी होती. चौकट मी रुंद केली, तुला न सांगता.”
तो कानापर्यंत लाल झाला.
म्हणाला, “खरं तर, हात दुखतोय.”
एकोणीस वर्षांचं पोर,
दोन दिवस दुखरा हात वर धरून उभं होतं, फुकट.
त्या दुपारी अर्धा तास बूम मी धरला.
अर्धा तास खूप असतो.

सगळं सुधारलं असं नाही.
चौथ्या दिवशी व्हॅन बंद पडली,
पाचव्या दिवशी मी पुन्हा आवाज चढवला,
या खेपेला एका सीगलवर.
कुणीतरी फिस्सकन हसलं. मग मीही.

त्याच संध्याकाळी क्लिफर्डला विचारलं,
बाप दार लावतो कसं?
तो विचार करत राहिला, मी घड्याळ बघितलं नाही
(बघितलं, पण खिशातल्या खिशात).
“फटीत चार बोटं ठेवून,” तो म्हणाला,
“पहाटेची पाळी असते. पोरं झोपलेली असतात.”
एकच टेक.
ओयेलारननं डोळा कॅमेऱ्यावरून लवकर काढला नाही.

शेवटच्या रात्री बेथननं हात वर केला.
खोलीचा रिकामा आवाज घ्यायचा असतो, तीस सेकंद,
दोन वाक्यांच्या मधल्या भेगा बुजवायला.
कुणी हलायचं नाही. दिग्दर्शकानं तर मुळीच नाही.
नऊ जण जिथल्या तिथे.
बंद करायचा राहिलेला फ्रिज.
लांबून वळण घेणारी ट्राम.
आणि अठराव्या की विसाव्या सेकंदाला
स्पष्ट, लांबलचक, माझं पोट.

तीस सेकंद कुणी हसलं नाही.
एवढी माया माझ्यावर त्याआधी कुणी केली नव्हती
निदान पगाराशिवाय.

“झालं,” बेथन म्हणाली.
आणि काउंटरमागून, जिथे त्या आहेत
हे आम्ही विसरूनच गेलो होतो,
मॉरीनबाईंनी बाह्या सारल्या:
“फ्रायर लावू का?”